लक्ष्मीपूजनाच्या बटव्यापासून नाणेसंग्रहापर्यंत: माझं पहिलं दीड वर्ष

नाणी जमवायची इच्छा पुष्कळांना असते. घरात आजीच्या वेळचे दोन-चार रुपये, भोकाचा पैसा, एखादं तांब्याचं जाड नाणं असतंच. पण ते घेऊन जायचं कुणाकडे, विचारायचं काय, कुणी फसवलं तर, आणि ‘एवढंच का आणलंत?’ म्हणून कुणी हसलं तर, या विचारांत वर्षं निघून जातात. माझंही तसंच चाललं होतं. आता जरा स्थिरावल्यासारखं वाटतंय, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये मांडतात. १२ नोव्हेंबर २०२३ ला पूजा आटोपल्यावर सासूबाईंनी तो बटवा माझ्या हवाली केला. म्हणाल्या, ‘आता हे तू सांभाळ. कुठलं नाणं कधीचं ते मला काही ठाऊक नाही. तुला कळलं तर मला सांग गं.’ भाऊबीज झाल्यावर एका दुपारी मी बटवा जेवणाच्या टेबलावर, जुन्या सुती ओढणीवर रिकामा केला. रुपये लख्ख होते, कारण दर दिवाळीला चिंच-रांगोळीने घासायचे हा घरचा रिवाज. सोबत काळपट तांब्याची काही नाणी, भोकाचे पैसे, आणि राम-सीता-लक्ष्मण कोरलेलं एक पिवळं नाणं. सगळ्यांत जुनं आणि मोलाचं तेच, असं घरात सगळे धरून चालले होते.

पहिली खरेदी नाण्यांची झालीच नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घेतला, दोन्ही मिळून सातशेच्या आत. एक लोहचुंबक घरात होतंच. एवढ्या सामानावर पहिला महिना गेला, आणि नव्या माणसाने हीच वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. आधी घरातलं ओळखायचं, विकत घ्यायचं नंतर.

व्हिक्टोरिया राणीच्या आणि तिच्यानंतरच्या ब्रिटिश राजांच्या रुपयांचं प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम आणि १९४० पूर्वीच्या रुपयांत चांदी सुमारे ९१.७ टक्के. आमचे काही झिजून थोडे हलके झाले होते, पण सगळे त्याच्या आसपास भरले. एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला वाघ असलेला १९४७ चा रुपया मात्र चुंबकाला टपकन चिकटला. सासूबाई इतकी वर्षं तो चांदीचा समजत होत्या. तो शुद्ध निकेलचा. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली, १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ ला ती पूर्णच गेली. त्या वाघाचं मला फार अप्रूप वाटलं. ब्रिटिश राजाच्या तोंडवळ्याचं ते शेवटचं वर्ष, आणि मागच्या बाजूला आपला वाघ.

एक गोष्ट मात्र काही केल्या उलगडेना. व्हिक्टोरिया राणीच्या चारही रुपयांवर साल एकच, १८६२. चार वेगवेगळ्या पिढ्यांनी आणलेले रुपये एकाच वर्षाचे कसे? भिंगातून पाहिलं तर मागच्या बाजूला बारीक ठिपके दिसत होते, कुठे कमी, कुठे जास्त. वहीत ते जसेच्या तसे काढून ठेवले.

त्याच सुमारास घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ यायला लागले. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं असेल तर लाखो रुपये, ट्रॅक्टरची नोट असेल तर तितकेच. आमच्या नात्यातल्या एका मावशींना तर ‘तुमचं नाणं विकलं गेलंय, नोंदणीचे पैसे आधी भरा’ असा फोनही आला. त्यांनी पैसे भरले नाहीत, हे नशीब. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कसलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि तिच्या नावाने ते मागायचा अधिकार कुणालाही दिलेला नाही. आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक कधी नसतो. वैष्णोदेवीचं ते नाणं लाखोंच्या संख्येने निघालंय. छान आहे, जरूर ठेवा, पण त्यावर घर बांधायचे बेत करू नका.

डिसेंबरमध्ये कळलं की आमच्या नाशकात नाणेसंग्राहक महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या सभागृहात जमतात. गेले, तर दारातूनच परत फिरावंसं वाटलं. आत सगळे पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, टेबलांवर अल्बम पसरलेले, आणि बोलणं असं की निम्मे शब्द डोक्यावरून जात होते. ‘हा व्हीएफ म्हणून घेतला पण एफच आहे’, ‘याचा डाय फुटलाय बघा’. मी पर्स घट्ट धरून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. पाच मिनिटांत एक निवृत्त शिक्षक शेजारी येऊन बसले आणि विचारलं, ‘ताई, काय आणलंय?’ नाव, गाव, अनुभव काही नाही, सरळ तेवढंच.

मी एक रुपया चिमटीत धरून पुढे केला. ते म्हणाले, ‘कडेनं धरा. बोटांचा घाम तोंडावर लागायला नको.’ मग माझी वही पाहिली, ठिपक्यांची चित्रं पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला. १८६२ नंतर बरीच वर्षं टांकसाळीने रुपयावरचं साल बदललंच नाही, १८७४ पर्यंत तेच चालू ठेवलं. खरं साल कुठलं ते अभ्यासक या ठिपक्यांवरून ओळखतात. आमचे चार रुपये वेगवेगळ्या वर्षांचे निघाले. त्यांनी लगेच आणखी दोघांना हाक मारली, आणि मला कळायच्या आत माझ्याभोवती चार जण भिंग घेऊन उभे! त्या दिवशी मी फक्त सव्वा तास थांबणार होते, घरी पोचायला दोन वाजले.

ठिपके ओळखून झाल्यावर मी भीत भीत भावाचं विचारलं. उत्तर सरळ मिळालं: घासलेल्या, नेहमीच्या सालांच्या रुपयांना चांदीचा भाव येतो, तेव्हाच्या दराने नग आठशेच्या घरात, त्याहून फार नाही. नाण्यावर काळाने जी काळपट साय धरते तीच संग्राहकाला हवी असते, कारण ती निघाली की वरचा बारीक छापही झिजतो. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘देवापुढे मळकं कसं ठेवायचं गं?’ त्यांचंही बरोबरच होतं. आम्ही तोडगा काढला: पूजेचे पाच रुपये वेगळे काढले, ते नेहमीसारखे घासले जातील. बाकीच्यांना आता फक्त मऊ कापडात ठेवायचं, पाणीसुद्धा लावायचं नाही.

राम-सीतेच्या नाण्याचं सांगणं जास्त अवघड होतं. मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ हे साल. असं नाणं कंपनीने कधी पाडलेलंच नाही. नंतर कुणीतरी विकण्यासाठी केलेली ही टोकनं आहेत आणि ती घरोघरी सापडतात. बैठकीतले ते शिक्षक, म्हणजे आमचे सर, म्हणाले, ‘नाणं म्हणून खोटं आहे, पण तुमच्या देव्हाऱ्यात त्याची पूजा झालीय, ती खोटी नाही. तिथेच राहू द्या.’ ते आजही तिथेच आहे. तुम्हाला कुणी हे ‘दोनशे वर्षांपूर्वीचं, चुंबकीय शक्तीचं’ म्हणून विकायला आलं तर हात जोडून परत पाठवा.

तांब्याच्या जाड नाण्यांनी मला खरं वेड लावलं. दोन नाण्यांवर भिंगातून ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ वाचता आलं. शिवराई. शाळेत चित्रात पाहिलेली शिवराई आमच्या बटव्यात होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. सरांनी लगेच जमिनीवर आणलं: महाराजांनी सुरू केलेली शिवराई पुढे छत्रपतींच्या, पेशव्यांच्या काळात आणि एकोणिसाव्या शतकातही खूप ठिकाणी पाडली जात होती, त्यामुळे हातातली प्रत्येक शिवराई रायगडावरची नसते. अक्षरांचं वळण, ‘शिव’ कसं लिहिलंय (शीव, सिव, सीवसुद्धा सापडतं), ठिपक्यांचं वर्तुळ, वजन, हे सगळं जुळवून पाहावं लागतं. आमच्या दोन्ही नंतरच्या. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. बाजारहाट करताना कुणीतरी तीच नाणी कनवटीला लावून फिरलं असेल, आणि ती आपल्याला वाचता येतायत, हे मला पुरेसं होतं.

नाणेसंग्राहकांच्या या मंडळाचं सभासद व्हायला वर्षाचे पाचशे रुपये, एक अर्ज, एक फोटो आणि ओळखपत्राची प्रत लागली. जानेवारी २०२४ च्या बैठकीत पावती मिळाली.

त्याच महिन्यात त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. डॉ. परमेश्वरीलाल गुप्ता आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने ती १९८० मध्ये उभी राहिली. तिथल्या संग्रहालयात आहत, म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांपासून आजच्या नाण्यांपर्यंतचा प्रवास ओळीने पाहायला मिळतो. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला हजारो लोक या रस्त्याने जातात, तासभर इथे थांबावं अशी माझी कळकळीची विनंती. नाशिक जिल्ह्याचं नाण्यांशी जुनं नातं आहे. १९०६ मध्ये इथल्याच जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. हरलेल्या राजाचं नाणं वितळवायचं नाही, त्याच्या चेहऱ्यावरच आपली खूण उमटवायची आणि तेच चलनात सोडायचं! युद्धाचा निकाल लोकांच्या हातात पोचवायची याहून पक्की रीत मला तरी सुचत नाही.

घरी आल्यावर प्रश्न उरला, आता जमवायचं काय? सगळंच आवडत होतं आणि महिन्याला पाचशे-सहाशेच्या वर घालायचे नाहीत असं आमचं ठरलेलं. बैठकीत प्रत्येकाने एकच सल्ला दिला, विषय निवडा. कुणी फक्त एकाच संस्थानाची नाणी जमवतं, कुणी फक्त छपाईत चुकलेली. मी स्वतंत्र भारताची पैशांतली नाणी निवडली, १९५७ पासून २०११ पर्यंतची. कारण सासूबाईंच्या आठवणी. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर ‘नये पैसे’ झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे बरोबर बसत होते, पण एका आण्याचे सव्वासहा येतात, म्हणून सहा धरायचे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. ‘वाण्याकडे एकेक आण्याचं वेगळं घेतलं की हिशेब बदलायचा, म्हणून आमची आई चार आण्यांचं एकदम आणायला सांगायची,’ हे त्यांनी मला एक नया पैसा हातात धरून सांगितलं. १९६४ मध्ये ‘नया’ शब्द गेला, नुसता पैसा राहिला. मग ॲल्युमिनियमचे हलके एक, दोन, तीन पैसे, १९६८ चं कमळाचं पिवळं वीस पैशांचं नाणं, आणि ३० जून २०११ ला पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी चलनातून गेली. ही नाणी प्रदर्शनांत पाच-दहा रुपयांपासून मिळतात. काही साल मात्र शोधून सापडत नाहीत, आणि गंमत त्यातच आहे.

एकही रुपया न घालता सुरुवात करायची असेल तर घरातल्या सुट्ट्या पैशांचा डबा उलटा करा. सालाच्या खाली पाहा. छोटा चौकट-हिरा असेल तर नाणं मुंबईचं, तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. एकाच सालाचं एकच नाणं चार टांकसाळींचं जमवून पाहा. माझा पाचवीतला मुलगा यातच रमला. आता किराणावाल्या दादांकडून सुटे घेताना तो काउंटरवरच तपासत बसतो, आणि दादाही त्याच्यासाठी वेगळी नाणी बाजूला काढून ठेवतात.

मार्चमध्ये सरकारी टांकसाळीच्या संकेतस्थळावर एक स्मारक नाण्यांचा संच नोंदवला. त्याची पद्धत समजून घ्या, कारण घाई करणाऱ्याला ती जाचते. आधी खातं उघडायचं, मोबाइल-ईमेलची खातरजमा, पत्ता पिनकोडसह अचूक. एखाद्या नाण्याची नोंदणी ठरावीक मुदतीपुरतीच खुली असते आणि पैसे आधीच भरावे लागतात. मग वाट. आमचा संच गणपतीच्या आसपास टपालाने आला. किंमत चार हजारांच्या आत होती, आणि तेवढ्यासाठी मी काही महिने दुसरं काही घेतलं नाही. नोंदणीचा क्रमांक आणि पावती छापून ठेवा, पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करा, आणि नाणं त्याच्या डबीतून बाहेर काढू नका. हा संच नफ्यासाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आवडत्या विषयाचा असेल तरच घ्यावा.

पावसाळ्यात साठवणीचा धडा झाला. बाजारात मिळणारे मऊ प्लास्टिकचे खिशांचे अल्बम स्वस्त असतात, पण पीव्हीसीचे असले तर काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पुठ्ठ्याच्या चौकोनी चौकटी, मधे पारदर्शक पातळ पडदा असलेल्या, पन्नासचा गठ्ठा मला अडीचशेला मिळाला. स्टेपलरच्या पिना नाण्यापासून लांब माराव्यात आणि वरून चपट्या कराव्यात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि मधूनमधून बदलायच्या. प्रत्येक चौकटीवर पेन्सिलीने क्रमांक आणि वहीत त्याच क्रमांकापुढे साल, टांकसाळ, वजन, कुठून आलं, किती दिले. ‘कुठून आलं’ हा रकाना मी कधीच रिकामा ठेवत नाही.

ऑक्टोबरमध्ये पुण्यातल्या एका प्रदर्शनात गेले होते. एका टेबलावर मातीने माखलेली नाणी होती, ‘शेतात सापडलीत ताई, ताजी आहेत’. माझ्यासोबतच्या सरांनी मला हाताला धरून पुढे नेलं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसलं नाणं घेणं म्हणजे डोक्याला ताप, आणि त्याहून मोठं नुकसान असं की साठा फुटला की त्याचा इतिहासही फुटतो. जोगळटेंभीची नाणी एकेक करून विकली गेली असती तर सातकर्णीची ती गोष्ट आपल्याला कळलीच नसती.

कायद्याचा दुसरा संबंध घरातच आला. डिसेंबर २०२४ मध्ये धाकटे दीर न्यू जर्सीहून आले. बटव्यातला निम्मा वाटा त्यांचा, आणि सोबत न्यायची त्यांची इच्छा होती. मी म्हटलं, ‘भाऊजी, थोडं थांबा, विचारून सांगते.’ १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष, म्हणजे पुरातन वस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. आमचे पंचम जॉर्जचे रुपये १९१२ ते १९१८ मधले, म्हणजे तेही शंभरी ओलांडलेले. १९४० नंतरची नाणी शंभरीच्या आतली आहेत, पण विमानतळावर शंका घेतली गेली तर वाद नको म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र घेण्याची सोय असते. अर्ज, फोटो, तपासणी, एवढं त्यांच्या सुट्टीत बसणारं नव्हतं. त्यांच्या वाट्याची नाणी वेगळ्या अल्बममध्ये, त्यांच्या नावाने, आमच्याच कपाटात आहेत. दोन्ही अल्बमची यादी फोटोंसह दोघांच्या सह्या घेऊन ठेवली आहे. घराघरांतून वाटणीचा प्रश्न येतोच, तेव्हा ही यादी आधीच करून ठेवा.

आता एप्रिल २०२५. चौसष्टच्या आतले नये पैसे बहुतेक जमलेत, पुढचे अजून बरेच बाकी. आमच्या बैठकीत मार्चपासून नव्यांसाठी दाराजवळ एक वेगळं टेबल लावतात आणि तिथे मी बसते. येणाऱ्याच्या हातात एक भिंग आणि एक साधं दहा पैशांचं नाणं द्यायचं, साल आणि टांकसाळ त्यालाच शोधू द्यायची. नाणं त्याने घरी न्यायचं. गेल्या वेळी एक आजोबा आणि त्यांची नात आली होती. नातीने तारा शोधला आणि आजोबांनी तिला दहा पैशांत तेव्हा काय काय यायचं ते सांगायला सुरुवात केली, पुढची दोन माणसं रांगेत शांतपणे ऐकत थांबली.

तुमच्या शहरात असं मंडळ असेल तर शोधा. नाशिक, पुणे, मुंबईत आहेत, इतरत्रही आहेत. मुंबईला गेलात तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय नक्की पाहा, सोमवारी ते बंद असतं. बैठकीला जाताना दोन-तीनच नाणी न्या, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून, वजन लिहून. ‘किती येतील?’ हे शेवटी विचारा, ‘हे काय आहे?’ हे आधी. आणि निघण्यापूर्वी नाणी धुऊ-घासू नका, आहेत तशीच घेऊन या.